आठ अक्षरांत बसवलेलं नाव

साहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते आणि मी कीबोर्डवर बोटं ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. साहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव. हिंगोलीच्या कार्यालयात ईमेलचा सर्व्हर आला होता. आता फोनच्या तारेवरून कळमनुरी, गोरेगाव, पुसेगावच्या शाळांना पत्रं जाणार होती. सर्व्हरमध्ये प्रत्येकाला एक नाव द्यायचं होतं, इंग्रजी आठ अक्षरांच्या आतलं. त्याहून मोठं तो घेतच नव्हता. सचिवांचं नाव 'साहेब' ठेवलं. हेडक्लार्क 'अण्णा' झाले. शिपायाला सगळे मामा म्हणायचे, तो 'मामा' झाला. राहिले मी.

"हिचं काय टाकायचं?" अण्णांनी विचारलं.

"टाक तांडा," साहेब मला म्हणाले. "बराबर बसतंय."

सगळे हसले. मामाही हसला. आणि ते नाव मीच टाइप केलं. माझ्याच बोटांनी. मान खाली घालून.

मी पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावरची. दहावी झाले, टायपिंग शिकले, कॉम्प्युटर शिकले. सर्व्हरचं काम येणारी कार्यालयात मी एकटीच. पहिल्या पगाराच्या दिवशी माझी याडी, म्हणजे आई, मला बघायला कार्यालयात आली होती. घागरा, आरशांची कांचळी, हातभर बांगड्या. ती दारात दिसताच साहेबांनी मामाला टेबलावरचं सामान आत घ्यायला सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, तिला ऐकू जाईल असं. याडी पायरीवरूनच परत फिरली. पुन्हा कधी आली नाही. त्याच साहेबांनी मला हे नाव दिलं होतं, म्हणून ते गमतीचं नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं.

रोज सकाळी मशीन चालू करायचं आणि आधी स्वतःला तांडा म्हणायचं, मग कामाला लागायचं. शाळांना जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर तेच नाव. मुख्याध्यापक फोनवर विचारायचे, तांडा हाय का जाग्यावर? मी म्हणायचे, व्हय, बोला सर. सुरुवातीला राग यायचा. नंतर रागही येईना. अंगात नुसता शीण भरून राहिला, ताप उतरल्यावर राहतो तसा. वर्षं अशीच गेली.

मग सर्व्हरची नवी आवृत्ती आली. ती बसवायला नांदेडहून इंजिनियर आला. आता पूर्ण नाव घालता येतं, म्हणाला, आणि त्यानं सगळ्यांची पूर्ण नावं घातली. माझंही घातलं, वडिलांच्या नावासकट. मला वाटलं, सुटले. पण एक सेटिंग त्यानं चालू ठेवलं, जुन्या मशीनसाठीचं. त्याच्या चौकटीत खूण असेपर्यंत सर्व्हर सगळ्यांना जुनी छोटी नावंच दाखवणार होता, कारण लांब नाव आलं की जुनं मशीन अडकायचं. जुनं मशीन उरलं होतं एकच, गोरेगावच्या शाळेत. तिथले मुख्याध्यापक साहेबांचे मेहुणे. त्यांना नवं मशीन कधीच पाठवलं होतं. त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर फडकं टाकलं आणि जुन्यावरच काम चालू ठेवलं. नवं शिकायचा त्यांना कंटाळा होता. त्यांच्या कंटाळ्यापायी माझं नाव सर्व्हरच्या आत दडून राहिलं.

ती खूण काढू का, असं मी साहेबांना विचारलं. चालून राहिलंय ना, मग काहून डोकं लावतीस, म्हणाले. मी परत जाग्यावर येऊन बसले. पुन्हा कधीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी वरही बघितलं नाही.

मग पुसेगावच्या शाळेत नवी कारकून लागली. सविता. आमच्याच तांड्यावरची. तिच्या जावळाला मी जेवले होते. तिचं नाव सर्व्हरमध्ये घालायचं होतं. छोटं नाव काय द्यायचं, मी विचारलं.

साहेब पेपर वाचत होते. "तांडा दोन टाक," म्हणाले.

माझी बोटं कीबोर्डवर होती, तशीच राहिली. उद्या सविताला फोन येईल, दोन नंबरचा तांडा हाय का? ती व्हय म्हणेल. मी म्हणत आले तशी. मग तिसरी येईल. आणि हे सगळं मी माझ्या हातानं लिहीत बसेन. माझं मी सोसलं होतं. पण हे मला सोसवेना.

"न्हाई टाकत, साहेब."

"काहून?"

"तिला नाव हाय. मला बी हाय."

त्यांनी पेपर खाली ठेवला. ती खूण काढली तर गोरेगावचं काम बंद पडेल, त्याला जबाबदार कोण, म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांना तो कधी चढवावाच लागला नव्हता.

"तिथं नवं मशीन हाय," मी म्हणाले. "त्याच्यावरलं फडकं काढायला सांगा."

आणि त्यांच्यासमोर खूण काढली. सविता थावरा राठोड असं पूर्ण लिहिलं. मग माझं नाव उघडून बघितलं. ते होतंच तिथं, कधीचं.

साहेबांनी शिक्षा लगेच दिली. गोरेगावचं मशीन चालू होईपर्यंत तिथले कागद मी स्वतः नेऊन द्यायचे. आता मी जीपनं सेनगाव करत गोरेगावला जाते. जीप भरेपर्यंत अड्ड्यावर बसून राहते. मुख्याध्यापक मला व्हरांड्यात उभं ठेवतात, आतून सही करून कागद बाहेर पाठवतात. खिडकीतून नवं मशीन दिसतं. फडकं आहे तसंच आहे. संध्याकाळी पाय सुजतात. मामा म्हणतो, एक खूण घाल अन् बस की खुर्चीत सुखानं, कोणाला काय फरक पडतो. साहेबांनीही तसंच कळवलं आहे.

थकले आहे मी. खोटं कशाला बोलू. पण खूण घालणार नाही. मला काढायचं तर काढा. माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसवा आणि त्याच्या हातानं घालून घ्या. माझ्या हातानं आता कुणाही पोरीचं नाव तांडा होणार नाही.