नळीची मान

चिंचपोकळीच्या आमच्या कारखान्यात नवी रबरी नळी तयार झाली की आबा डोळे मिटून ती वाकवून पाहत. तेवढा वेळ मालकही थांबून राहत. "नळी मधी मोडणा नाय, मानेत मोडता," मालवणचे आबा सांगत. मान म्हणजे पितळी तोंड संपून नळी सुरू होते ती जागा.

म्हणून मानेवर ते कॅनव्हासचे पाच पदर गुंडाळत आणि प्रत्येक पदर आधीच्यापेक्षा चार बोटं अलीकडे संपवत. तोंडाशी ताठ, मग जरा नरम, मग अगदी मऊ. वरून दिसायला ओबडधोबड. मी डिप्लोमावाला शहाणा! म्हणायचो, "आबा, सगळे एका रेषेत कापा की, कसं देखणं दिसेल!"

"देखणी करून तिचा काय लगीन लावचा आसा?"

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला आबा गेले, त्या दिवशी पाणबुड्याच्या हवेची नळी माझ्यावर आली. मी पाचही पदर झोकात एका रेषेत कापले. वर रबर चढलं, नळी भट्टीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शिवडीला, गोदीत गेली.

"पदर खंय संपयलंस?" आल्या आल्या आबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हरताळ होता, ट्राम बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. आम्ही गल्लीबोळांतून पळत सुटलो. पाठीवर कालच्या लाठीचा वळ घेऊन साठीचे आबा माझ्या पुढे धावत होते.

पोचलो तेव्हा पाणबुड्या खाली गेला होता. पंपाच्या तोंडाशी, माझ्या त्या देखण्या रेषेवरच, नळी दुमडत चालली होती. आबांनी गुडघे टेकले, नळीची मान दोन्ही तळव्यांवर सरळ धरली आणि ओरडले, "पंप चालू ठेवा! त्याला वर घ्या!" दोरी इंचाइंचानं वर येत होती. मी देवाला नवसावर नवस बोलत होतो. आबांचे हात हलले नाहीत.

शेवटी पाणबुड्याला वर घेऊन त्याच्या डोक्यावरचा पितळी टोप काढला. त्यानं मोठा श्वास घेतला आणि मला रडूच फुटलं.

"कोणी केली ही नळी?" गोदीचे साहेब कडाडले.

मी खाली बघत राहिलो. कसला भित्रा मी!

"माझ्या हातची," आबा म्हणाले.

मालकांनी त्यांना त्याच आठवड्यात काढलं. त्यांना मालवणच्या बोटीवर पोचवायला गेलो तेव्हा विचारलं, "आबा, असं का केलंत?"

"मेल्या, तुझी सुरवात आसा. मोडता ता सुरवातीकच."

पुढे मुंबई महाराष्ट्राला मिळाली, लालबागेत पेढे वाटले गेले. त्या मुंबईसाठी लाठी खाल्लेले आबा गावी होते आणि मुंबईत होतो मी. हातातला पेढा मी आबांच्या नावानं बाजूला ठेवला.