भिंत उजवीकडे फिरवा

"न्हाणीघराच्या माळ्यावरची भिंत उजवीकडे फिरवून घट्ट बंद करावी." आमच्या सोसायटीच्या मार्गदर्शिकेतल्या या वाक्याचा फोटो मी फोनमध्ये जपून ठेवला आहे. तो पाहून हसावं की रागवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्गदर्शिका म्हणजे एक सामायिक फाइल. बिबवेवाडीतल्या आमच्या जुन्या इमारतीत पंप कसा चालू करायचा, लिफ्ट अडकली तर काय करायचं, सोलरचं पाणी कुठून वळवायचं, हे ज्याला जे ठाऊक त्यानं त्यात लिहायचं. लिहिलं सगळ्यांनी, सापडत मात्र कुणालाच काही नव्हतं. मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते, म्हणून फाइलची सूची करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं तर मीच ते ओढून घेतलं. कारण दादा.

दादा नाशिकला असतो. आई दिवसभर घरात एकटी, मी खराडीला, मध्ये अख्खं पुणं, तेव्हा आईला मी घेऊन जातो, असा त्याचा धोशा होता. आईला जायचं नव्हतं आणि मलाही ती जायला नको होती. घरात काही बिघडलं तर ती एकटी निभावून नेते, एवढं एकदा दिसलं की दादा गप्प बसेल, असं मी डोक्यात घेतलं.

ऑफिसात सूची करताना मी कधी अडखळत नाही. इथे पहिल्याच पानावर घोडं अडलं. पाणी बंद करायच्या त्या पितळी वस्तूला कुणी कॉक लिहिलं होतं, कुणी चावी, आणि उरलेल्या सगळ्यांनी वॉल. गिझरमधला क्षारांचा थर 'क' मध्ये घालायचा की पार शेवटी, यावरून ग्रुपवर वाद झाला आणि दोन माणसं ग्रुप सोडून गेली. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस 'लिफ्ट' शोधेल की 'अडकणे', हे मी आईला विचारलं.

"अडकलेला माणूस पुस्तक वाचत नाही, ओरडतो," आई म्हणाली.

मी तिचं बोलणं कानाआड केलं आणि दोन्हीकडे नोंद केली.

माझी सूची पूर्ण झाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फाइल उघडली. काका निवृत्त शिक्षक. मराठीवर त्यांचं मनापासून प्रेम आहे आणि त्यांना वेळही भरपूर आहे. त्यांनी कुणाला न विचारता अख्खी फाइल शुद्ध करून टाकली, सूचीसकट. बाथरूमचं न्हाणीघर झालं, पाइपची नळी झाली. वॉलचं काय झालं, ते मला आईकडून कळलं.

त्या दुपारी आमच्या बेसिनखालचा पाइप निसटला. आईनं मला फोन केले. मी मीटिंगमध्ये होते, फोन मुका करून ठेवलेला. तिचे मिस्ड कॉल पाहिल्यावर स्कूटर काढली, स्वारगेटच्या सिग्नलला अडकले, नको नको ते विचार करत घरी पोचले. पाहते तर फरशी पुसून झालेली आणि समोरच्या वहिनी आईबरोबर चहा पीत बसलेल्या. पाणी वहिनींनीच बंद केलं होतं.

"तुझं पुस्तक वाचलं हो," आई म्हणाली. "वॉल शोधलं. तर 'भिंत पाहा', म्हणे. पाहिली. चारही पाहिल्या, हात लावून पाहिल्या. एकही फिरेना."

मी तशीच वर काकांकडे गेले.

"अहो, वॉल म्हणजे भिंत, हे दुसरीतलं पोर सांगेल," काका शांतपणे म्हणाले. "आपल्याला व्हॉल्व्ह म्हणायचं होतं, तर व्हॉल्व्ह लिहायचं. असो. मी तिथे 'झडप' करतो."

भांडायला गेलेली मी, परत उतरताना जिन्यातच गोंधळले. काकांचं चुकलं म्हणावं, तर शब्द त्यांचा बरोबर. बाकीच्यांचं चुकलं म्हणावं, तर आमचा प्लंबरसुद्धा वॉलच म्हणतो. आईला झडपेचं सांगितलं तर ती म्हणाली, "कुणावर घालायची?"

संध्याकाळी दादाचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर घेतला आणि त्याला सगळं सांगून टाकलं.

"बघ, एकटी असलीस की हे असं होतं," दादा म्हणाला.

"एकटी कुठे होते? हाक मारली आणि वहिनी आल्या. तुझ्या त्या बाराव्या मजल्यावर, बंद काचांच्या आत, मी कुणाला हाक मारू? मी इथेच बरी आहे."

"बरं, राहा," दादा म्हणाला. माझ्या सूचीचा फज्जा उडाला होता, आणि तरी मला हवं तेच झालं होतं. मला आनंद झाला, पण तो नेमका कशाचा ते समजेना.

"वहिनींना बरं ऐकू गेलं," फोन ठेवल्यावर मी आईला म्हटलं.

"त्यांना कुठे हाक मारली? तुझंच नाव घेऊन ओरडत होते, सवयीनं. वहिनींना वाटलं, तू घरात आहेस आणि ओ देत नाहीस. म्हणून त्या तुला रागवायला आल्या."

रविवारी मी सूची पुन्हा उघडली. कॉक, चावी, वॉल, व्हॉल्व्ह आणि काकांची झडप, सगळ्या नोंदी एकाच पानाकडे वळवल्या. भिंतीपुढे फक्त ओल आणि रंग ठेवला. मग 'ह' खाली 'हाक' असं लिहिलं. त्यापुढे पान क्रमांक घालायचा असतो. कुठलं पान द्यावं ते कळेना, म्हणून ती जागा अजून तशीच रिकामी आहे.