उताऱ्याच्या पुढचं

"मग फुडं काय झालं, सर?"

उतारा वाचून व्हायचा, त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून व्हायची, पोरं ती उतरवून घेऊन पाण्याच्या बाटल्या उघडायची, आणि शेवटच्या बाकावरून हा प्रश्न यायचाच. मी खडू ठेवून म्हणायचो, "पुढं काही नाही. उतारा संपला."

"उतारा संपला ओ. पण त्या माणसाचं काय झालं आसंल?"

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? कोल्हापूरच्या शाहूपुरीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या मजल्यावर मी इंग्रजीच्या प्रवेश परीक्षांचा क्लास घेतो. खाली घरघर, वर मी. एम.ए.ला मोठ्या विद्यापीठात जायचं म्हणणाऱ्या पोरांना उतारे सोडवायला शिकवून शिकवून माझा घसा गेलाय आणि खरं सांगू, हौसही गेलीय. वर्षानुवर्षं तेच ते. लेखकाचा सूर कोणता? अधोरेखित शब्दाचा अर्थ काय? खालीलपैकी कोणते विधान चूक? अशा धंद्यात कुणी दीपगृहाच्या रखवालदाराची चौकशी करायला लागलं, तर डोकं भणभणणारच.

तो रखवालदार एका उताऱ्यात होता. वादळ उठलंय, बोट यायची आहे, हा दिवा लावून बसलाय. एवढ्यावर उतारा संपतो. प्रश्न असा की रखवालदाराची मनःस्थिती कशी होती. पोरांनी पर्याय निवडले. शेवटच्या बाकावरचा हा म्हणाला, "सर, बोट आली काय शेवटाला?"

"मला काय माहीत बाबा? पेपर काढणाऱ्यानं कुठल्या तरी पुस्तकातला तुकडा उचललाय."

"मंजी पुस्तकात आसंल की!" त्याचा चेहरा असा उजळला, की मी फळा पुसायला वळलो.

तिशी ओलांडलेला, सडपातळ, गालांत खळगे पडलेला माणूस. खळगे क्लॅरिनेट फुंकून पडलेले. त्याच्या चाचाचं बँड पथक होतं, गावात जुनं आणि नावाजलेलं. बाप लहानपणीच गेला, तेव्हा चाचानं त्याला जवळ घेतलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि क्लॅरिनेट हातात दिलं. चाचाला सगळे मास्तर म्हणत. लग्नसराईत सकाळची मिरवणूक आटोपून हा तसाच क्लासला यायचा. लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झुपके. पहिल्या दिवशी पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या. यानं शांतपणे कोट काढला, घडी घालून बाकावर ठेवला, त्यावर वही ठेवली आणि म्हणाला, "हसा की. मला पण येतंय हसू."

बी.ए. त्यानं बाहेरून केलं होतं. गावोगावी सुपारी वाजवायला जाताना टेम्पोत मागं, ढोलाला टेकून अभ्यास केला म्हणे. बँडवाले आगाऊ ठरवलेल्या कामाला सुपारी म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मी एकदा विचारलं, "अरे, एवढी कला हातात आहे. एम.ए. इंग्रजीचं खूळ कशाला?"

तो हसला. म्हणाला, "सर, तुमी लग्नाला गेला की कुठं बसता?"

"कुठं म्हणजे? आत. खुर्चीवर."

"आमी दारापतोर. नवरदेवाला वाजवत आणायचं, कार्यालयाच्या दारात थांबायचं. आत अक्षता पडल्या की कुणीतरी रुमाल हलवतो. रुमाल हलला की वाजवायचं. मी लग्नं वाजवलोय रग्गड, पण एक बी लगीन बघितलो न्हाय. नवरी रडली का हसली, कोण रुसलं, कोण मानलं, काय ठावं न्हाय. आमची ष्टोरी दारातच संपती." मग म्हणाला, "म्हणून मला आता सगळं पुस्तक वाचायचंय. आत बसून. तिथं म्हणं होस्टेल देत्यात, वर दोन वर्षं नुस्तं वाचायचं. आसं कुठं आसतंय व्हय, सर?"

"असतं," मी म्हणालो. पण घोडं नेमकं तिथंच अडत होतं. प्रवेश परीक्षेत वाचणाऱ्याचा निभाव लागत नाही. मी पोरांना सांगतो, आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात तेवढीच ओळ शोधा, उत्तर द्या आणि पुढं सटका. उतारा वाचत बसू नका. तो मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा आणि मग खिडकीबाहेर बघत बसायचा. दोन वर्षं परीक्षा दिली, दोन्ही वर्षं निम्मा पेपर कोराच राहिला. इंग्रजी चांगलं होतं हो त्याचं! वेळ पुरत नव्हता.

"अर्धं वाचून सोडायचं मंजी कसं वाटतंय सांगू?" तो म्हणायचा. "वाजवताना अंतरा मधीच टाकून घरला गेल्यागत."

मी हात टेकले.

तिसऱ्या वर्षी मास्तरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, की माझा दम आता पुरत नाही, हा सीझन संपला की पथक तुझं. लोकांना वाटेल, केवढा मान! मानच होता. पण एकदा पथक अंगावर घेतलं, की कोल्हापूर सोडायचं नाव नको. क्लासमध्ये येऊन तो म्हणाला, "औंदा शेवटचं, सर. न्हाय झालं तर क्लारनेट आनि मी. बास." त्याचा आवाज त्या दिवशी फार थकलेला होता.

आणि बघा नशीब. परीक्षा नेमकी मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी आली. केंद्र हातकणंगल्याच्या वाटेवरच्या एका कॉलेजात, दुपारचं. सकाळची सुपारी त्याच रस्त्यावरच्या एका कार्यालयात. तो म्हणाला, "दोन्ही एका वाटंवर हाईत, जमतंय की." मला ते जमेल असं वाटेना. मी स्कूटर काढून गेलो.

गेलो तर नवरदेवाचे मित्र रस्त्यातच नाचतायत. कार्यालयाचं दार समोर दिसतंय आणि मिरवणूक हलत नाही. "आनखी एक, आनखी एक!" असा ओरडा. मे महिन्याचं ऊन, त्यात लाल कोट. त्यानं मला पाहिलं. मी मनगटावरच्या घड्याळाकडं बोट केलं. तो वाजवतच राहिला, नजर माझ्यावर. गाणं ऐन रंगात आलं असताना त्यानं क्लॅरिनेट ओठावरून काढलं, शेजारच्या ट्रम्पेटवाल्याच्या हातात दिलं आणि गर्दीतून बाहेर आला.

मास्तर मागं धावत आले. "सूर अर्धा टाकून चाललास?"

"चाचा, पेपर हाय. सांगितलोतो तुमास्नी."

"अर्धा सूर टाकनारा माझ्या पथकात न्हाय आनि माझ्या घरात बी न्हाय. गेलास तर परत येऊ नगंस."

तो जागीच उभा राहिला. मला वाटलं, संपलं सगळं. मग तो माझ्या मागं स्कूटरवर बसला. वाटभर माझ्या पाठीला त्याची पितळी बटणं टोचत होती.

केंद्राच्या दारात पहारेकऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पावणं, लग्नाचं कार्यालय मागं ऱ्हायलं." हॉलतिकीट दाखवल्यावर तो बिचारा ओशाळला; पण नियम म्हणजे नियम, अंगावर धातूचं काही चालणार नाही. बटणं पितळी, झुपक्यांत तारा. कोट काढ म्हणावं तर त्या दिवशी उकाड्यामुळं आत नुसता बनियन. दार बंद व्हायची वेळ झालेली. मी तिथंच रस्त्यावर माझा शर्ट काढला आणि त्याच्या अंगात घातला. माझं पोट तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो: त्या शर्टात त्याच्यासारखे दोन मावले असते. तसाच तो आत पळाला.

मग काय करता? घातला मी तो लाल कोट. एकही बटण लागेना. तसाच समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसलो. चहावाल्यानं विचारलं, "कुठली पार्टी म्हनायची? आमच्या पुतण्याचं लगीन हाय. सुपारी घेता काय?"

"मला वाजवता येत नाही."

"मग कोट कशाला घातलाय?"

"आत परीक्षा चाललीय माझी."

त्यानं दुसरा चहा न विचारताच ठेवला. मला वेडा समजला असणार.

संध्याकाळी तो बाहेर आला. माझ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चेहरा उतरलेला. या वेळी मीच विचारलं, "मग? काय झालं?"

"सगळा सोडवलो, सर. एक प्रश्न ठेवला न्हाय." तो माझ्याशेजारी बाकावर बसला. "तुमी सांगितलं तसंच केलो. आधी प्रश्न वाचलो. उतारं वाचलोच न्हाय. एकात एक म्हातारी हुती, स्टेशनावर बसल्याली. कुणाची वाट बघत हुती, बघितलोच न्हाय मी." आणि त्यानं तोंड फिरवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा विद्यार्थी शेवटी माझं ऐकून आला होता. पण काय सांगू तुम्हाला, मला फार वाईट वाटलं.

त्याला जागा मिळाली. निकाल बघून पोरांनी क्लासमध्ये पेढे वाटले. मास्तरांनी मात्र परीक्षेच्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं होतं. तो दोनदा घरी जाऊन आला, दोन्ही वेळा दारातूनच परत आला. जाण्याआधीचे काही आठवडे तो माझ्या क्लासच्या खोलीत झोपायचा. गाडीत बसताना अंगात माझा तोच शर्ट होता. कोट दाराच्या खिळ्यावर टांगून गेला.

तिथून दर रविवारी फोन यायचा. "सर, एक सबंध कादंबरी संपवलो. शेवटाला नायिका मरती ओ! दोन दिवस जेवलो न्हाय." पुढच्या रविवारी दुसरं पुस्तक. मी नुसता ऐकायचो. क्लासमध्ये तुकडे शिकवून विटलेल्या माणसाला कुणीतरी सगळं पुस्तक सांगतंय, हे मला औषधासारखं होतं. खोटं कशाला बोलू, मी रविवारची वाट बघायचो.

वर्ष उलटलं आणि एकदा त्याचा फोन मधल्याच वारी आला. "सर, चाचांच्या लेकीचं लगीन ठरलंय. मैतर सांगत हुता." मी क्लासचं दार लोटून घेतलं. "तिला खांद्यावर बसवून शाळंत सोडायचो मी. मला बोलावणं न्हाय." मग म्हणाला, "तुमास्नी पत्रिका आली तर जावा. आत जाऊन बसा. आनि मला सगळं सांगा."

पत्रिका आली. मास्तरांनी का पाठवली असेल, हे मी तेव्हा ओळखायला हवं होतं. परत करावा म्हणून लाल कोट धुऊन पिशवीत घातला आणि गेलो. दुसऱ्याच कुठल्या तरी पथकाचे लोक दारात उभे होते. मी त्यांच्यामधून आत गेलो आणि पुरुषांच्या बाजूला खुर्चीवर बसलो. काझीसाहेब आले, निकाह झाला, खजूर वाटले. बिर्याणीचं ताट माझ्या हातात आलं तेव्हा मास्तर जवळ येऊन उभे राहिले. वर्षभरात माणूस निम्मा झाला होता. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, कोटाच्या झुपक्याला बोट लावलं.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच," ते म्हणाले. "त्याच्या अंगाचा हाय. दुसऱ्याला बसायचा न्हाय."

मी मान हलवली. ते जाईनात. ताटाकडं बघत हळूच म्हणाले, "सर, आमच्या पोराचं फुडं काय झालं?"

हातातला घास मी ताटात ठेवला. मी सांगितलं, पहिलं वर्ष पास झाला. होस्टेलवर राहतो. जाड जाड पुस्तकं वाचतो.

"जेवतोय न्हवं येळच्या येळी?"

"जेवतो."

"वाजवतोय काय?"

"नाही, मास्तर."

ते पाहुण्यांकडं गेले. मी ताट तसंच ठेवलं, दाराशी आलो आणि त्याला फोन लावला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. नवऱ्या मुलाची शेरवानी, काझीसाहेबांचा खोकला, खजूर. प्रत्येक वाक्याला पलीकडून "मग फुडं?" "मग फुडं?" चाललं होतं. शेवटी म्हणालो, "मग मास्तर माझ्याजवळ आले. त्यांनी विचारलं, पोराचं पुढं काय झालं?"

पलीकडून "मग फुडं?" आलं नाही. फोन तुटला की काय म्हणून मी पाहिलं. चालू होता.

तेवढ्यात मुलीच्या पाठवणीची गडबड उडाली, बायका रडायला लागल्या आणि माझ्या मागं क्लॅरिनेट सुरू झालं. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण फोनमधून आवाज आला, बसलेला, "सर, फोन जरा तिकडं धरा. चाचा हाय त्यो."

मी वळून पाहिलं. खरंच मास्तर होते. मुलीच्या लग्नासाठी शिवलेल्या नव्या कपड्यांत, त्या दुसऱ्या पथकाच्या माणसाचं क्लॅरिनेट मागून घेऊन दारात उभे होते. दम पुरत नव्हता, मधेच सूर फाटत होता, तरी वाजवत होते. मी हात लांब करून फोन त्यांच्या दिशेनं धरला. मास्तरांनी तो पाहिला, डोळे मिटले आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. माझा हात अवघडून गेला होता. पलीकडून कुणी फोन ठेवला नव्हता.