मोठ्या जाऊबाईंचा प्रचार

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त वाईट भाऊजींना वाटलं. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीच्या मंडपापासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक कामात ते पुढे. नगरसेवक व्हायचं त्यांच्या मनात केव्हापासून होतं. पक्षाने विचारलं नाही तर अपक्ष उभं राहायचं, हेही ठरलेलं. आरक्षणाची सोडत निघाली आणि ते दुपारभर खुर्चीत बसून पंख्याकडे बघत राहिले. संध्याकाळी चहा पिताना वहिनींना म्हणाले, "तू उभी राहा. नुसती नावाला. बाकी सगळं मी बघतो."

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या कोकमाची सोलं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नावाक उभी रवाक मी काय खांबो आसय?"

पण नाही म्हणाल्या नाहीत. दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "दादरला कुठेतरी बायकांना निवडणुकीचं शिकवतात म्हणे. दर रविवारी. चल माझ्याबरोबर. एकटी नाय जाणार मी."

मी परळच्या एका ऑफिसात बिलं तपासते. रविवार हा माझा झोपायचा वार. तरी गेले, कारण वहिनींना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून डाळ कधी भिजवायची इथपासून सगळं त्यांनीच ठरवलेलं. हॉलच्या दारात एक मुलगी विचारत होती, "उमेदवार की मॅनेजर?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "मी उमेदवार. ही मॅनेजर." अशी मी मॅनेजर झाले.

शिकवणाऱ्या बाई स्वतः पूर्वी नगरसेविका होत्या. सुती साडी आणि खाली स्पोर्ट्स शूज. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "एकेकीने माइकवर यायचं. आपलं नाव सांगायचं आणि म्हणायचं, मला मत द्या. एवढंच."

आम्हाला वाटलं, हे काय शिकवायचं? पण जी येईल ती अडकायला लागली. गिरगावातली एक म्हणाली, "आम्हाला मत द्या." बाई म्हणाल्या, "आम्ही कोण? परत." घोडपदेवची एक म्हणाली, "आमच्या मिस्टरांचं काम तुम्ही बघितलंच आहे." बाई म्हणाल्या, "मिस्टर उभे नाहीत. परत." मग वहिनी गेल्या. नळावर त्या बोलल्या की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस दचकतो. इथे त्यांनी नाव सांगितलं, "मला" म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. तोंडाला पदर लावला, परत "मला" म्हणाल्या, परत हसू. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली एक कोळीण पुढच्या रांगेत बसली होती, ती हसायला लागली. तिचं हसणं ऐकून गिरगावकरीण. मग सगळा हॉल. माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

बाई शांतपणे खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, "हसून घ्या. स्वतःसाठी काही मागायची सवय नसली की हसूच येतं. हसून संपलं की मागता येतं."

ते हसू संपायला तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी वहिनींनी माइक हातात घेतला, नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "मला मत द्या." कोणीही हसलं नाही. त्या स्वतःच इतक्या चकित झाल्या की माइक माझ्या हातात देऊन खाली येऊन बसल्या.

मॅनेजरांचा वर्ग वेगळा असायचा. तिथे बाईंनी सांगितलेलं एक वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. "उमेदवार बोलणार, मॅनेजर ठरवणार. कुठे जायचं, काय खायचं आणि कधी गप्प बसायचं, ते सुद्धा." मी ते घरी जाऊन वहिनींना शब्दशः सांगितलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. निवडणूक होईपर्यंत."

माझी पहिली परीक्षा भाऊजींनी घेतली. त्यांनी बॅनरचा नमुना करून आणला होता. त्यावर हात जोडलेले भाऊजी, चांगले पुरुषभर, आणि कोपऱ्यात वहिनींचा पासपोर्टवाला फोटो. सगळं घर बघत होतं. मी म्हणाले, "भाऊजी, हा बॅनर लागणार नाही."

इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर एवढं लांब वाक्य बोललेच नव्हते.

"कोण म्हणतं?"

"मॅनेजर."

भाऊजींनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पेपर वर धरला. वहिनी मात्र आत ओट्याशी उभ्या राहून खुसूखुसू हसत होत्या. ते भाऊजींनाही ऐकू गेलं, आणि काय झालं कोण जाणे, त्यांच्याही ओठांची कड हलली. नवीन बॅनरवर वरपासून खालपर्यंत एकट्या वहिनी होत्या. तो चाळीच्या तोंडाशी लागला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाक केवढं दिसतंय गो माझं." भाऊजी म्हणाले, "नाक बरं आहे." त्यानंतर खुर्च्या लावणं आणि चहाचं बघणं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. कोणी विचारलं तर सांगायचे, "मला काय विचारता, मॅनेजर तिथे आहे."

अपक्ष म्हणून चिन्ह मिळालं इस्त्री. वहिनी हिरमुसल्या. त्यांना कपबशी हवी होती. पण वर्गातली कोळीण मदतीला आली होती, ती म्हणाली, "अगं, चांगलंच हाय की. इस्त्रीचं मत इस्त्रीला." हीच आमची घोषणा झाली. तिला माइक लागायचा नाही. ती गल्लीच्या या टोकाला ओरडली की त्या टोकाच्या खिडक्या उघडायच्या. आम्ही जिने चढायचो, दारं वाजवायचो, लोक चहा द्यायचे, आणि चहा नको म्हणायचं काम मॅनेजरचं. नाहीतर आठव्या घरानंतर उमेदवार बाथरूम शोधत फिरते, हेही बाईंनी शिकवलं होतं.

मग आला तो टॉवरचा रविवार. गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर, काचेचा दरवाजा, आणि वॉचमनचा नियम: एका उमेदवाराबरोबर एकच माणूस. मी आणि वहिनी लिफ्टमध्ये शिरलो तर आत समोरच्या पक्षाची उमेदवार उभी. तिशीची मुलगी, त्या पक्षाच्या पुढाऱ्याची सून. नवी कोरी साडी, गळ्यात पक्षाचं उपरणं, हातात घडी घातलेला कागद. तिची माणसं वॉचमनशी हुज्जत घालत होती, तेवढ्यात दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली, एक गचका बसला आणि मध्येच थांबली.

मी बेल दाबली. भिंतीतून आवाज आला, "मॅडम, आदमी आ रहा है."

आदमी काही येईना. तिघी एकमेकींच्या चपलांकडे बघत उभ्या. मग ती मुलगी म्हणाली, "तुम्ही ते दादरचं ट्रेनिंग केलंत ना? मला घरातून पाठवलंच नाही. म्हणाले, तू फक्त हात जोड, भाषण आम्ही लिहून देतो." तिने हातातला कागद उलटसुलट केला. "वर आज इथल्या सोसायटीची मीटिंग आहे. मला वाचतासुद्धा येणार नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. स्पष्ट नाही. मॅनेजरचं नाही.

वहिनी म्हणाल्या, "तो कागद दे हकडे." घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "आता नाव सांग. आणि म्हण, मला मत द्या."

"आपल्या पक्षाला..."

"पक्ष खाली रवलो. लिफ्टीत तू एकटी आसस. परत."

"आमच्या सासऱ्यांनी या विभागात..."

"सासरे पण खाली. परत."

मुलीने नाव सांगितलं, "मला" म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मग वहिनींना. मी दात ओठ खात उभी होते, पण ते हसणं असं काही होतं की माझाही इलाज चालेना. आमच्या हसण्याने लिफ्ट जागच्या जागी हलायला लागली. भिंतीतला आवाज घाबरून विचारत होता, "मॅडम, रो क्यों रहे हो? रोना मत." त्यावर तर आम्ही तिघी खालीच बसलो. दार उघडलं तेव्हा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये होती, आणि सोसायटीचे सेक्रेटरी स्टूल घेऊन वरून बघत होते. एकाच वॉर्डाच्या दोन उमेदवार एकाच उपरण्याला डोळे पुसत होत्या.

वर मीटिंगमध्ये मुलगी कागदाशिवाय बोलली. चांगली बोलली. रस्त्यात मी वहिनींना म्हणाले, "तुम्ही समोरच्या उमेदवाराला प्रचार शिकवलात."

"शिकवलंय."

"असं कोणी करतं का?"

"पोर बावळट नाय गो. तिका कोणी बोलाक देवक नाय, इतकाच."

पुढचे सगळे दिवस मी त्या मुलीच्या नाक्यावरच्या सभा लांबून ऐकल्या. दर सभेला तिचा आवाज मोठा होत होता. मला रागही यायचा आणि तिने कुठे श्वास घ्यायला हवा हेही कळायचं, इतकी ती आमच्या वर्गातली वाटायची.

ती निवडून आली. वहिनी दुसऱ्या. दोन मोठ्या पक्षांच्या उमेदवार आमच्या मागे राहिल्या आणि आमचं डिपॉझिट वाचलं. मतमोजणीच्या ठिकाणाहून आम्ही घरी आलो तर कोळीण टोपलीत सुरमई घेऊन जिन्यात बसलेली. आम्ही जिंकलो, असं तिला कोणीतरी चुकीचं सांगितलं होतं. खरं कळल्यावर म्हणाली, "मग काय परत नेऊ? तळा."

सुरमई तळायला घेतली तोवर खाली ढोल वाजायला लागले. जिंकलेल्या मुलीचा ट्रक आमच्या चाळीशी थांबला होता. ती वर हात करून वहिनींना बोलवत होती. तिच्या सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वहिनी पिठाच्या हातांनीच खाली गेल्या. चार जणांनी त्यांना ट्रकवर ओढून घेतलं, मुलीने त्यांना मिठी मारली, त्यांच्या डोक्यावर मूठभर गुलाल पडला, आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी लग्नातसुद्धा नाचताना पाहिलं नव्हतं, त्या दोन्ही हात वर करून नाचायला लागल्या.

गॅलरीत भाऊजी शेजाऱ्यांना समजावत होते, "नाही नाही, आम्ही हरलो." कोणी ऐकत नव्हतं. लोक त्यांच्या तोंडात पेढे कोंबत होते. थोड्या वेळाने त्यांनी समजावणं सोडून दिलं आणि पेढे खाल्ले.

मी कठड्याशी उभी राहून जोरात टाळ्या वाजवत होते. खालून वहिनींनी मला बोट दाखवून बोलावलं. मागे कढईतली सुरमई करपायला लागल्याचा वास येत होता. कोळीण म्हणाली, "जा गं, मी बघते." मी पायात चपला न घालता जिना उतरले.