ध्रुवावरची संकष्टी

लालबागला जन्माला येऊन ज्याने जन्मभर फक्त बर्फाची काळजी केली, असा माणूस परमेश्वराने एकच घडवला आणि तो नेमका आमच्या आत्याच्या पोटी घातला. बाकी आम्हा सगळ्यांना नळाच्या पाण्याची काळजी, खोलीच्या भाड्याची काळजी, गिरणीचा भोंगा चुकेल याची काळजी. माझ्या या आतेभावाला काळजी कसली, तर पृथ्वीच्या डोक्यावर जे बर्फ आहे ते वितळतंय की काय याची! हे बर्फ त्याने तोवर पाहिलेलंही नव्हतं. त्याचे वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे, ते लवकर गेले. आत्याने खानावळीचे डबे करून याला शिकवलं आणि तो शिकून वेधशाळेत लागला. चाळीला वाटलं, आता आत्याला चार दिवस सुखाचे येतील. आले थर्मामीटर.

त्यांच्या दोन खोल्यांत देवांपेक्षा थर्मामीटर जास्त होते. एक गॅलरीत, एक मोरीत, एक चुलीपाशी आणि एक जिन्याच्या वळणावर, तिथे तो उतरणाऱ्याच्या डोक्याला बरोबर लागायचा. चाळीत कोणी सहज "काय उकडतंय हो!" म्हणालं की हा आत जायचा, आकडा बघून यायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "कालच्यापेक्षा पाऊण अंश कमी आहे. तुम्हाला उकडत नाहीये." माझ्या आईला एकदा सणसणून ताप भरला. आम्ही कपाळावर पट्ट्या ठेवत होतो आणि हा शेजारी बसून पट्टीचं पाणी किती वेगाने तापतंय ते मोजत होता. शिवडीच्या कारखान्यातून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून खांद्यावरून आणायचा, मोरीत ठेवायचा आणि ती वितळेपर्यंत तिच्यासमोर उकिडवा बसायचा. ऐन मे महिन्यात शेजारणी सरबतासाठी एक खडा मागायला यायच्या, तर म्हणायचा, "नमुना आहे तो. नमुना खात नाहीत." मोरी अडलेली, बायका चिडलेल्या आणि आत्या बिचारी सगळ्यांची समजूत काढत फिरायची.

खोटं मात्र त्याला जमत नसे. हा सद्गुण आहे असं पुस्तकांत म्हणतात, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांना असा आतेभाऊ नसावा. त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही दादरला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलगी आत गेली. मुलीच्या वडिलांनी हात चोळत विचारलं, "मग, कशी वाटली आमची मुलगी?" हा म्हणाला, "दहा मिनिटांच्या निरीक्षणावरून काही सांगता येणार नाही." आम्ही चपला शोधायला लागलो. परतताना आत्या त्याला म्हणाली, "झिला, बरी आसा म्हणान सांगलं असतंस, तर तुझा काय जाता होता?" तर म्हणतो, "पुरावा काय, आई?"

हे सगळं चाललं होतं कोणत्या दिवसांत, तर संयुक्त महाराष्ट्राच्या. गिरणगाव पेटलेलं. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा लाठीमार. गोळीबारात गेलेल्यांची नावं घेताना आमच्या चाळीतली म्हातारी माणसंसुद्धा रडायची. तळमजल्यावर एक मास्तर राहत, म्युनिसिपालिटीच्या शाळेतले. समितीचे कट्टर कार्यकर्ते. आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तर सभा थांबत नसे. त्यांनी एकदा याला जिन्यात गाठला. "अहो शास्त्रज्ञ, मुंबई कोणाची हे ठरायची वेळ आली आहे. तुमचं मत काय?" हा शांतपणे म्हणाला, "वरचं बर्फ वितळलं तर समुद्र चढेल. मग मुंबई समुद्राची." झालं! मास्तरांनी त्याला तिथल्या तिथे महाराष्ट्रद्रोही ठरवलं. त्यात हा पुढे म्हणाला की गिरण्यांच्या धुराड्यांतून जो धूर निघतो त्याने हवा तापत असावी असा काही लोकांचा कयास आहे. म्हणजे गिरणगावात उभं राहून गिरण्यांवर बोट! त्या महिन्यात चाळीच्या सत्यनारायणाचा प्रसाद यांच्या खोलीत सर्वांत शेवटी आला, आणि आला तोही चमचाभर.

अशात त्याला बाहेरच्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. उत्तरेला एका बर्फाच्या बेटावर उन्हाळाभर राहून बर्फ किती वितळतं ते मोजायचं, आणि काम पसंत पडलं तर त्याच चमूबरोबर पुढचा सहा महिन्यांचा काळोखा हिवाळाही तिथेच काढायचा. त्याचा जीव अडकला होता तो त्या हिवाळ्यात. तो मिळावा म्हणून त्याने जी तयारी केली ती सांगायला मलाच लाज वाटते. तो रोज शिवडीच्या त्या कारखान्यात लाद्यांच्या कोठीत जाऊन बसायचा, अंगात दोन स्वेटर नि कानटोपी. रखवालदाराला वाटलं, वॉरंट निघालेला कोणी सत्याग्रही लपलाय. त्याने पोलिसांना कळवलं. फौजदार कोठीचं दार उघडून आत शिरला तर समोर हा, मांडी घालून बसलेला, हातात थर्मामीटर. "कौन है? बाहर आव!" तर हा म्हणाला, "साहेब, आत या नाहीतर बाहेर जा, पण दार लावा. पारा चढतोय." त्याला सोडवून आणायला मास्तरच गेले. चाळीतल्या माणसाला पोलिसांनी धरलं, मग तो काहीही बरळणारा असो, आपला झाला!

त्यानंतर मास्तरांचं मत एकदम पालटलं आणि चाळीने त्याचा जंगी सत्कार केला. हार, नारळ, भाषणं. मास्तरांनी त्याच्या हातात बांबूवर ठोकलेली एक पाटी दिली. पाटीवर लिहिलं होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' ही ध्रुवावर रोवायची, म्हणजे दिल्लीला कळेल. हा म्हणाला, "मी ध्रुवावर नाही, ध्रुवाच्या बराच अलीकडे जातोय." पण टाळ्यांत ते ऐकलं कोणी?

आत्याने भाषण केलं नाही. तिने राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा भरला आणि एकच वचन घेतलं. संकष्टी मोडायची नाही. चंद्र उगवलेला बघायचा, मगच जेवायचं. नवरा गेल्यापासून तिने हा उपास धरला होता आणि मुलगा शिकला, नोकरीला लागला, ते सगळं त्या उपासाच्या जोरावर, अशी तिची खात्री होती. देवाबिवावर याचा काडीचा विश्वास नव्हता. पण आईला हो म्हटलं म्हणजे म्हटलं.

आणि गेला. लाडू बोटीवरच संपले, गोऱ्या खलाशांना ते फार आवडले. हा बेटावर पोहोचला, तंबू ठोकला, बर्फात ठिकठिकाणी काठ्या रोवल्या. एक काठी कमी पडली तिथे मास्तरांची पाटी रोवली. मग आली संकष्टी. सूर्य चोवीस तास डोक्याभोवती फिरतोय, मावळायचं नाव नाही, आणि चंद्राचा पत्ता नाही. नसणारच! त्या टोकाला ऐन उन्हाळ्यात पौर्णिमेच्या मागेपुढे चंद्र काही दिवस क्षितिजाच्या वर येतच नाही. हे याच्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक होतं? पण वचन देताना ते याच्या डोक्यातच आलं नाही. लालबागला राहणाऱ्या माणसाच्या कल्पनेत चंद्र म्हणजे गिरणीच्या चिमणीमागून वर येणारच.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की आपण पंचांगातली वेळ बघतो नि जेवतो. मीही त्याला तेच म्हणालो. त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते ऐकून मला त्याला कोठीत कोंडून ठेवावंसं वाटलं. म्हणाला, "ढगामागचा चंद्र उगवलेला असतो. क्षितिजाखालचा उगवलेला नसतो. आणि पंचांगातली वेळ मुंबईची. ती तिथे कशी लावणार? ती चुकीची नोंद झाली असती." देवावर विश्वास नाही, आणि उपास मात्र काटेकोर! बरोबर डबाबंद मांस, मासे नि बिस्किटं, उपासाचं काही नाही. नुसत्या बिनदुधाच्या चहावर एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि त्यानंतर हा काठ्या मोजता मोजता बर्फावर आडवा झाला. चमूच्या प्रमुखाने विचारलं, काय होतंय? आईच्या संकष्टीचं त्या गोऱ्या माणसाला काय समजावणार? प्रमुखाने शेरा मारला की हा माणूस हुशार आहे, पण याचं शरीर इथल्या कामाचं नाही. पहिल्या बोटीने त्याला परत धाडलं आणि हिवाळ्यातली जागा दुसऱ्याला दिली.

हे त्याने मला बंदरावर, ट्रंक उचलता उचलता सांगितलं. वर शपथ घातली की आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये. "तिला वाटेल तिच्या उपासामुळे माझं काम गेलं."

"मग कशामुळे गेलं?" मी विचारलं. तो ट्रंकेचं कुलूप ओढून बघू लागला. काम लवकर आटपलं, एवढंच घरी सांगायचं ठरलं, आणि तेवढंही तो मलाच सांगायला लावणार होता.

गणपतीत चाळीच्या मांडवात त्याचं व्याख्यान ठेवलं. अख्खी चाळ लोटली. पुढे बायकांत आत्या, हातात वातींचा कापूस. सुरुवात झकास झाली. तो म्हणाला, पाटी रोवली तेव्हा कंबरेपर्यंत होती, मी निघालो तेव्हा डोक्याच्या वर होती. मास्तर ताडकन उठले. "ऐकलंत? ध्रुवावरसुद्धा संयुक्त महाराष्ट्र उंच होतोय!" टाळ्यांचा कडकडाट, घोषणा, शिट्ट्या. हा जीव तोडून ओरडत होता, "पाटी वर आली नाही हो! बर्फ खाली गेलं! बर्फ गेलं!" त्या आरोळीचा अर्थ तेव्हा आम्हा कोणालाच कळला नाही. आम्ही घोषणा देत होतो.

मग मास्तरांनी विचारलं, "तिथे रात्रच नाही म्हणता. मग चंद्र काय करतो?"

प्रश्न शास्त्राचा होता. हा सगळं विसरला. त्याने गणपतीपुढचा नारळ उचलला, ती पृथ्वी. पेट्रोमॅक्सची बत्ती, तो सूर्य. नैवेद्याचा मोदक घेतला, तो चंद्र. नारळ कलता धरून त्याने मोदक फिरवला आणि इतकं सुरेख समजावलं की मलासुद्धा समजलं. "म्हणून पौर्णिमेनंतरही काही दिवस," तो रंगात येऊन म्हणाला, "चंद्र तिथे उगवतच नाही."

आत्याचा कापूस वळणारा हात थांबला. ती भर मांडवात उभी राहिली. चार पुरुषांसमोर ती कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती.

"झिला, मगे संकष्टीक काय केलंस? तू जेवलंस कधी?"

तो नारळ नि मोदक घेऊन तसाच उभा. मी त्याच्याकडे बघत होतो. खरं बोलला तर त्या बाईला तिथल्या तिथे कळणार होतं की जे व्रत तिने मुलासाठी जपलं त्यानेच मुलाचं एकुलतं एक स्वप्न गिळलं. आणि खोटं त्याला येत नव्हतं.

"चंद्र उगवलो होतो, आई," तो म्हणाला. "हंयसारखोच. वेळेवर जेवलंय मी."

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही म्हणालात..." मास्तर.

"चुकलं माझं."

"मग हा नारळ आणि मोदक?"

"तेही चुकलं."

काय हसली माणसं! मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी ओरडलं, "अरे, हा कुठला जातोय ध्रुवावर? खंडाळ्याला जाऊन आला असेल!" तो खाली मान घालून मोदक परत ताटात ठेवत होता. आत्या मात्र "मगे बरा, माका उगाच घोर लागलो," असं म्हणून खाली बसली आणि पुन्हा वाती वळू लागली. ती पुढे मरेपर्यंत सगळ्यांना अभिमानाने सांगायची, की तिकडच्या लोकांनी याला खूप आग्रह केला, पण आईवाचून याला करमेना.

त्यानंतर चाळीने त्याचं कधी खरं मानलं नाही. महाराष्ट्र झाला त्या दिवशी साऱ्या लालबागला रोषणाई होती, लोक एकमेकांना पेढे भरवत नाचत होते आणि हा गॅलरीत थर्मामीटर बघून सांगत होता की दिव्यांमुळे पारा थोडा चढलाय. "खंडाळ्याचे शास्त्रज्ञ बोलले!" असं म्हणून मीही सगळ्यांबरोबर हसलो. त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. वेधशाळेत आकडे लिहिता लिहिता तो निवृत्त झाला. हल्ली वर्तमानपत्रांत त्या बर्फाबद्दल रोज काही ना काही छापून येतं. मी त्याला वाचून दाखवतो. तो नुसती मान हलवतो. त्याचा मला राग येतो, अजून येतो. एवढा हुशार माणूस, दोन घास खाऊन मोकळा झाला असता तर कुठल्या कुठे गेला असता. आणि हे मी ज्याच्याविषयी म्हणतोय, त्याच्याइतकं प्रेम माझ्या हातून कोणावर झालेलं नाही, हेही खरं आहे.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा संकष्टीला संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. पान वाढून झाकून ठेवलेलं, आणि हा गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा.

"अरे, आता कोणासाठी?" मी म्हणालो. "आत्या नाही. देव तू मानत नाहीस. जेवून घे की."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "थांब रे," तो म्हणाला, "इथे उगवतो तो."