शामकलेची सहा व्होल्टांची सवत

दवनीवाड्यातल्या बायका म्हणत, शामकलेला सवत आहे. सवत काळी, चौकोनी, बारा शेर वजनाची, आणि दर पंधरवड्याला पोटभर पाजावी लागणारी. दारात पाहुणी आली तर शामकला चटकन उठायची नाही, पण सवतीची तीन झाकणं उघडून आतलं पाणी किती उतरलं ते पाहायला रोज जायची. नवरा पलटणीत आणि बायको मोटारसायकलीच्या बॅटरीशी नांदते आहे, यापेक्षा चविष्ट विषय विहिरीवर दुसरा कुठला असणार?

तिचा नवरा नंदलाल हा तेंदूपानाच्या एका ठेकेदाराकडे कामाला होता. रानोमाळ फिरून पान गोळा करणाऱ्यांवर नजर ठेवायची, म्हणून ठेकेदाराने त्याला एक जुनी मोटारसायकल दिली होती. लढाई पेटली, पेट्रोल कुपनावर गेलं, ठेकेदाराने धंदा आवरला आणि गाडी त्यालाच देऊन टाकली. बेचाळीसच्या उन्हाळ्यात नंदलाल फौजेत लॉरी हाकायला गेला. जाण्याआधी त्याने गाडी गुरांच्या कोठ्यात ठोकळ्यांवर चढवली, बाटलीभर पेट्रोल बुचाला मेण लावून बाजूला ठेवलं आणि बायकोला समोर बसवून सांगितलं,

"टायर सडले तरी चालन. पण बॅटरी उपाशी मेली त् गाडी मेली समज. हिची ठिणगी बॅटरीतूनच येते. अन् लढाईत नवी बॅटरी देवाच्या बापालेही भेटत नाही."

"अन् ही भराची कुठं?" शामकलेने विचारलं. गावात विजेचा खांब कुठला, दिव्याला घासलेट मिळालं तरी लोक दिवाळी म्हणत.

"गोंदियाले," म्हणाला आणि गेला.

दोनदा ती बॅटरी बैलगाडीतून बारा मैल गोंदियाला गेली. दुसऱ्या खेपेला वाटेत ॲसिड हिंदकळलं, त्याने गाडीतलं पोतं खाल्लं, शामकलेच्या लुगड्याला सात भोकं पाडली, आणि दुकानदार म्हणाला, आधी मिलिटरीच्या बॅटऱ्या, मग तुझी. शामकला तशीच परत आली आणि थेट टिकाराम सुताराच्या दारात उभी राहिली.

टिकारामने आधी डोकं खाजवलं. मग ठेकेदाराच्या मोडक्या लॉरीचा डायनॅमो नंदलालच्या पसाऱ्यातून निघाला, आणि काम सुचत गेलं. बैलगाडीचं पुरुषभर उंचीचं चाक दोन खुंटांवर उभं केलं, त्याला फिरवायला दांडा ठोकला, चाकावरून डायनॅमोच्या इवल्याशा चाकीवर चामड्याची वादी चढवली. मोठं चाक एकदा फिरलं की चाकी वीसदा गरगरायची. शामकला पदर खोचून अर्धा दिवस दांडा मारायची. झाकणं उघडलेली, पाण्यात बुडबुडे उठले की समजायचं पोट भरत आलं. चाक थांबवण्याआधी तार काढायची, नाहीतर भरलेली वीज उलट डायनॅमोत उतरायची, वासराने प्यालेलं दूध गाईच्या आचळात परत जावं तशी! वर घालायला पावसाचं पाणी, चिनी मातीच्या बरणीत झाकलेलं. बरणी लोणच्याची होती, त्यावरून सासू धुरपता चार महिने धुमसत होती.

घराचा कारभार नंदलालचा थोरला भाऊ केशोराव पाहायचा. शामकलेचा तो भासरा. आता भासऱ्यापुढे धाकट्या भावाच्या बायकोने तोंड उघडायचं नाही, डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि तिच्या खोलीच्या उंबऱ्याला भासऱ्याने पाय लावायचा नाही, हा रिवाज. सांगायचं असेल ते सासूला सांगायचं, सासू नसेल तर भिंतीला. शामकला रिवाज तंतोतंत पाळायची. ती मोटारसायकलीला सांगायची.

"गाडे, सांग वो त्याहिले, धान कांडाले गेलं का नाही ते!" आणि केशोराव कोठ्याबाहेर उभा राहून निमूट ऐकायचा. ज्या बाईला बोलायला बंदी, तिच्याइतकी टोमणे मारणारी बाई त्या गावात दुसरी नव्हती.

चव्वेचाळीसच्या दसऱ्याला मात्र घोळ झाला. चार महिने नंदलालचं पत्र नव्हतं. नांगर, कुऱ्हाड, विळे पूजले, तशी धुरपताने गाडीही पूजली आणि बॅटरी कशी सोडायची म्हणून तिच्या डोक्यावर भरघोस कुंकू लावलं. पंधरवडा भरला होता, दुपारी शामकलेने नेहमीसारखं चाक फिरवलं. तिसऱ्या प्रहरी धुरपता डोकावली आणि तिने हंबरडा फोडला. लाल कुंकू पिवळंधमक झालं होतं.

"पोरगा गेला वो माहा! कुंकू उतरलं!"

दिवेलागणीपर्यंत बातमी नदीकाठी पोचली. कोणी म्हणे नंदलाल ब्रह्मदेशात पडला, कोणी म्हणे इटलीत, आणि रुख्मा न्हावीण, जिला इटली म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तिने तर पडताना तो काय बोलला तेही सांगितलं. दोघी-तिघी शामकलेच्या बांगड्यांकडे बघू लागल्या.

केशोराव वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. तो आईला म्हणाला, "ही गाडीच अपशकुनी आहे. गोंदियाचा मुन्नालाल सेठ कधीचा मांगून राहिला. देऊन टाकतो."

पदराआडून शामकला सासूला म्हणाली, "माय, गाडी गेली म्हंजे या घरानं मानलं का ते येत नाहीत. मी मानत नाही. सांगा त्याहिले."

धुरपता नुसती रडत राहिली.

सोमवारी मुन्नालाल सेठ दोन बैलांची गाडी, चार हमाल आणि दोरखंड घेऊन आला. पाहायला अर्धं गाव. सेठ कोठ्यात शिरला, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "लोहा है भाई, लोहा. पड़े-पड़े सड़ गया. उठाओ."

"थांबा सेठजी." शामकला गाडीला टेकून उभी. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्यात अर्धं लिंबू. सेठ काही तिचा भासरा नव्हता, त्याच्याशी बोलायला रिवाजाची आडकाठी नव्हती. "घरी आले, कुंकू त् लावून घ्या."

सेठने कपाळ पुढे केलं. पाहुण्याने कुंकवाला नाही कसं म्हणायचं? तिने चांगला रुपयाएवढा टिळा लावला, आणि वरून लिंबू पिळलं. रस सेठच्या नाकावरून मिशीत उतरला आणि टिळा सगळ्या गावादेखत पिवळा पडला.

"अरे बाप्पा!" रुख्मा किंचाळली. "सेठही गेला!"

"काऊन सेठजी, मेले का तुमी?" शामकलेने विचारलं. "घरी कोणाले सांगावा धाडाचा का?"

"ये क्या तमाशा है!"

"तमाशा नाही. तुमच्या बंडीत तंबाखूची डबी असन, चुना द्या जरासा." सेठने गोंधळून डबी काढली. तिने बोटभर चुना पिवळ्या टिळ्यावर चोळला. टिळा पुन्हा लालभडक. "घ्या. जिते झाले."

गाव हसून लोटपोट. शामकला आता सासूकडे वळली. "माय, पूजेचं तबक चिंचेनं घासता, तवा कुंकू पिवळं होते का नाही? रोज पाहता ना? आंबट लागलं का कुंकवाची हळद उघडी पडते. बॅटरीत त् लिंबाच्या आज्याचा आंबटपणा आहे. चाक फिरवताना त्याचेच तुषार उडाले. तुमच्या पोराचा त्यात काही संबंध नाही."

धुरपताने डोळे पुसले. तबक ती तीस वर्षं घासत होती. तिने लिंबू हातात घेतलं, आपल्याच हाताने करंड्याच्या झाकणावर पिळून पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी नाकाने लांब श्वास घेतला.

पण केशोराव माघार घेईना. सेठला शब्द दिला होता, चारचौघांत हसं झालं होतं. तो छताकडे बघत म्हणाला, "कुंकवाचं जाऊ द्या. गाडी त् मेलेलीच आहे ना? मेलेलं ढोर दारात ठेवाचं कायले?"

शामकलेने पदर नाकापर्यंत ओढला. पेट्रोलची बाटली टाकीत रिकामी केली, बॅटरी जागेवर बसवून तारा आवळल्या, नंदलालने दाखवलं होतं तशी चावी फिरवली. मग गाडीलाच म्हणाली, "गाडे, माह्यानं भासऱ्यापुढं बोलवत नाही. तूच सांग त्याहिले, मेलीस का जिती आहेस."

कासोटा आवळून तिने किक मारली. फुस्स. दुसरी. हमाल हसले. तिसऱ्या किकेला गाडी खोकली, चौथीला तिने काळ्या धुराचा लोट सेठच्या पांढऱ्या धोतरावर सोडला, आणि मग असं काही उत्तर दिलं की बैल दावं तोडून पळाले आणि केशोराव कणगीवर आदळला.

इथे शहाण्या माणसाने घरी जायचं. पण सेठ व्यापारी. पिवळ्या-लाल कपाळाखाली त्याचे डोळे चमकले. "केशोराव, चालू गाड़ी है! दुगना देता हूँ!" आणि केशोरावाची मान, खरं सांगायचं तर, होकारार्थी हलली. शामकलेने दोन वर्षं दांडा मारला तो आपल्याच गाडीचा भाव चढवायला, असं झालं.

तिने चावी बंद केली. कोणाला कळायच्या आत तारा सोडल्या, ती बारा शेरांची बॅटरी कडेवर घेतली, अंगण ओलांडून आपल्या खोलीत गेली आणि खाटेखाली सरकवली. स्वतः खाटेवर बसली. दार सताड उघडं.

केशोराव तरातरा मागे आला आणि उंबऱ्याशी येऊन थबकला. पाऊल उचललं, पुन्हा खाली ठेवलं. सगळं गाव बघत होतं.

"माय," तो आईला म्हणाला, "आण ती पेटी बाहेर!"

धुरपता उंबऱ्यावर फतकल मारून बसली. "माह्ये गुडघे दुखून राहिले. जा ना तूच, जातोस त्."

सेठने लढाईतल्या बॅटरीचा भाव मनातल्या मनात केला आणि दोरखंड गुंडाळलं. "बिना बैटरी की गाड़ी मैं क्या करूँ?" पळालेले बैल शोधता शोधता त्याची संध्याकाळ झाली.

नंदलाल शेहेचाळीसच्या मार्चात आला. एक कान बहिरा, बाकी धड. चार दिवस जेवून-झोपून झाल्यावर गाडीभोवती फिरला आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "आता ही इकून टाकू. जुनी झाली. नवी घेऊ."

शामकला बरणीतलं पाणी बॅटरीत घालत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमी चार वर्षं सरकारची लॉरी हाकली. गाडी मी राखली. इकाची का नाही, ते मले इचारा," ती म्हणाली, आणि त्याला बहिऱ्या कानाचं निमित्त मिळू नये म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणाली.