सेवेचे तास

ऑफिसात बसणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, पंख्याच्या पात्यावर धूळ साठते तसे. पंखा फिरत असतो तोवर दिसत नाहीत. मी निवृत्त झालो, पंखा थांबला, आणि आता मान वर केली की तेच दिसतात.

चौलच्या बाजूला एका ज्युनियर कॉलेजात मी क्लार्क होतो. आमच्याकडे क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात. पगार क्लार्कचा, हाक भावाची आणि कामं साहेबांनी टाळलेली. कॉलेजच्या मंडळाचा नियम असा की अकरावीच्या प्रत्येकाने समाजसेवेचे ठरावीक तास भरायचे. नाही भरले तर बारावीत बसता येणार नाही. समाजाविषयीचा जिव्हाळा आम्ही मुलांच्या मनात हा असा रुजवत होतो.

हे खातं गुरव सरांकडे होतं. सर भूगोल शिकवत. माणूस सज्जन, पण नियमाशिवाय त्यांचं वाक्य संपत नसे. एखाद्याने नमस्कार केला तरी सर नमस्कार करून पुढे म्हणत, "आणि ओळखपत्र गळ्यात असू द्या." तास सरांनी मोजायचे आणि शिक्का मी मारायचा. त्यामुळे जे झालं ते सगळं माझ्या टेबलावरून गेलं.

०

समाजसेवा म्हणजे किनारा साफ करणे, अशी आम्हा सगळ्यांचीच पहिली समजूत. पर्यटकांच्या हंगामातला एक रविवार ठरला. मुलं, झाडू, पोती आणि मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो असलेला बॅनर घेऊन आम्ही नागावला पोचलो.

किनारा आरशासारखा! एक कागद नाही, एक बाटली नाही. आमच्या आधी दुसरी एक शाळा येऊन सेवा करून गेली होती. सर हवालदिल झाले. मंडळाला फोटो हवा होता, आणि फोटोत कचरा हवा होता.

कडेला एक शहाळीवाला उभा होता. त्याच्या गाडीमागे रिकाम्या शहाळ्यांची दोन पोती दिसली. सरांनी जवळ जाऊन फार सभ्यपणे विचारलं की ती थोडा वेळ वाळूत पसरू का. शहाळीवाला म्हणाला, "घ्या ना. आधीच्या शाळेनं पण हीच घेतली होती. फक्त अकराच्या आत परत द्या. तिसरी शाळा यायची आहे."

०

या अनुभवानंतर सरांनी ठरवलं की यंदा खरं काम करायचं. खाडीच्या कडेला भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात. अशा एका बांधाला मोठं भोक पडलं होतं आणि भरतीचं पाणी आत शिरत होतं. मुलं बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. त्यांना शिकवावं लागलं नाही. ओहोटीला चिखलात उतरली, दगड लावले, पेंढा ठेचून भरला, वरून माती थापली, आणि भरती यायच्या आत बांध पुरता झाला. माझ्या नोकरीत कॉलेजच्या नावावर झालेलं इतकं चोख काम मी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावातले एक वजनदार गृहस्थ ऑफिसात आले. बसले, चहा घेतला, मुलांची चौकशी केली. मग शांतपणे म्हणाले की भोक त्यांचं होतं. बांधाच्या आत त्यांचं कोळंबीचं तळं होतं आणि कोळंबीला खारं पाणी लागतं.

"पोरांनी काम एक नंबर केलंय," ते म्हणाले. "माझ्या माणसांची सकाळ गेली फोडण्यात. सर, पुढच्या वर्षी झाडं लावा. झाडांचा कुणाला त्रास होत नाही."

पुढच्या वर्षी आम्ही झाडं लावली. कुणाला त्रास झाला नाही. झाडांनाही फार दिवस झाला नाही.

०

एका मुलाच्या वडिलांचे डंपर होते. मिठागरं गेली आणि डंपर आले, अशा घरातले. पांढरी गाडी कॉलेजच्या दारात लावून ते माझ्यापुढे बसले. मुलगा वाशीला क्लासला जात होता, रविवार मोकळा नव्हता आणि समाजसेवा तर रविवारीच होती.

"भाऊसाहेब, पोराला क्लास हाय," ते म्हणाले. "त्याच्या बदली दोन मानसं धाडतो. ड्रायव्हर हायत, दणकट. पोरापेक्षा चांगली सेवा करतील."

मी सरांकडे बोट दाखवलं. सरांनी त्यांना स्वयंसेवेचा अर्थ समजावला. बराच वेळ समजावला. त्यांनी मान डोलावली आणि ते गेले.

त्या रविवारी गावचं तळं उपसायचं होतं. दोन माणसं हजर. सर परत जा म्हणाले, तर ती म्हणाली की शेठने सांगितलंय, गेलो तर शेठ ओरडेल. मग त्या दोघांनीच जवळजवळ सगळं तळं उपसलं. मुलं काठावर उभी राहून बघत होती. शेवटी सरांनी त्या दोघांना हार घातले आणि मुलाचे तास शून्य धरले. मुलाचे वडील म्हणे घरी फार चिडले. सरांवर नव्हे. ड्रायव्हरांवर, हार घालून घेतला म्हणून.

०

पालकांनी मग दुसरी वाट काढली. मुलगा घरीच आजोबांची सेवा करतो, अशी पत्रं येऊ लागली. एकाएकी तालुक्यातले सगळे आजोबा अंथरुणाला खिळले. त्यांतले काही मला सकाळी एसटी स्टँडवर पेपर वाचताना दिसत.

सरांनी एक घर निवडलं आणि मला बरोबर घेतलं. सुपारीची वाडी, मधे घर, ओटीवर झोपाळा. झोपाळ्यावर नातू आडवा. आजोबा वाडीत. शिडीवर चढून ते मिरीचे घोस काढत होते. सरांना पाहून हळूहळू उतरले. सरांनी विचारलं, "नातू तुमची सेवा करतो, असं पत्र आलंय. खरं का?"

आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाले, "जरा हळू बोला. तो झोपलाय."

त्या संध्याकाळी सरांनी नवा नियम केला. घरचं आणि शेजारपाजारचं काम सेवेत धरायचं नाही. धरायचंच असेल तर सर स्वतः जातील, ज्याची सेवा झाली त्याला समोरासमोर विचारतील की ही मुलं तुमच्यासाठी काय करतात, आणि त्याने तोंडाने सांगितलं तरच तास मिळतील.

०

हसण्यासारखं नाही असंही काही झालं. आतल्या बाजूच्या, भातशेतीच्या एका खेड्यात आमची मुलं प्राथमिक शाळेची भिंत रंगवत होती. दुपारी गावात कुणीतरी गेल्याची बातमी आली. त्या गावाची रीत अशी की चितेसाठी प्रत्येक घरातून एक लाकूड जातं. ज्याचं भांडण असेल त्याच्याही घरातून जातं. आमच्यातली चार मुलं त्याच गावची. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवले, हात पुसले आणि काही न विचारता गेली. बाकीची मुलं क्षणभर थांबली आणि मग त्यांच्या मागून गेली. अर्धी रंगवलेली भिंत, सर आणि मी, एवढेच उरलो.

मुलं परत आली ती अंधार पडता पडता, आंघोळी करून.  सर म्हणाले की हे तासही धरणार, यंदाची खरी सेवा हीच.

त्या गावचा कुणाल नावाचा मुलगा होता. कधी फारसं न बोलणारा. तो म्हणाला, "सर, ते नका धरू."

"का रे?"

"ते काम नव्हतं, सर."

सरांनी धरलं नाही. परतताना टेम्पोत ते बोलले नाहीत. ओळखपत्रांबद्दलसुद्धा नाही.

०

आता मयूरीचं सांगतो.

मयूरी कोळीवाड्यातली. बाप बोटीवर, आई पहाटे मासळीची पाटी घेऊन अलिबागच्या बाजाराला. मुलगी हुशार, नर्सिंगला जायचं पक्कं केलेलं. पण वर्ष संपत आलं तरी तिचे सेवेचे तास जवळजवळ कोरे. भिंत रंगवायला आली नाही, तळ्याला आली नाही, झाडं लावायला आली ती दुपार व्हायच्या आत निघून गेली. सरांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं की असंच राहिलं तर बारावी विसर.

 ती म्हणाली की तिला दुपारी चांगूआजीकडे जावं लागतं.

चांगूआजी मला माहीत होती. कोळीवाड्याच्या टोकाला एकटी राहायची. नवरा जाऊन वर्षं झालेली, मुलगा गुजरातकडे कुठेतरी, येत नसे. चांगले दिवस होते तेव्हा हिच्या दारातून कुणी उपाशी गेला नाही, असं जुनी माणसं सांगत. आता चूल कधी पेटे, कधी नाही. पण कुणाचं काही घ्यायची नाही. एकदा दिवाळीत शहरातली मंडळी लुगडी वाटायला आली. हिच्या हातात लुगडं दिलं, फोटो काढला. हिने लुगडं त्यांच्या गाडीच्या टपावर ठेवलं आणि म्हणाली, "फोटो तुमचा, लुगडं बी तुमचंच."

अशी बाई मयूरीच्या डब्यातलं रोज जेवत होती. कशी, ते मयूरीने सांगितलं. ती दुपारी डबा आणि पुस्तकं घेऊन आजीकडे जाई. आजीला म्हणे, घरी कुणी नसतं, एकटीला जेवण जात नाही, आणि डबा उरला तर आई ओरडते. मग आजी कुरकुर करत ताट घेई आणि तिच्यासोबत बसे. गेल्या पावसाळ्यापासून हे चाललं होतं. घरी आईलाही ठाऊक नव्हतं. आईला वाटे, पोरीला हल्ली भूक लागते, म्हणून ती भाकऱ्या जास्त थापून ठेवी.

सरांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला. नियमात बसतं. उद्या मी येतो, आजींना विचारतो, त्या सांगतील, तास मिळतील."

मयूरी एकदम म्हणाली, "नको सर. तुम्ही विचारलं तर तिला कळंल. मग ती जेवायची नाय."

"पण मग तुझं वर्ष?"

 ती पुस्तकं उचलून गेली.

सर माझ्याकडे वळले. नियम त्यांनीच केला होता. विचारल्याशिवाय तास देता येत नव्हते. एकीला दिले तर सगळ्या झोपाळ्यांवरचे नातू दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहिले असते. आणि विचारावं, तर म्हातारीच्या तोंडचा घास जाणार होता. मी म्हटलं, चला, आधी जाऊन तर बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कोळीवाड्यात गेलो. वाटेत दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. चांगूआजीचं दार उघडं होतं. दोघी समोरासमोर बसलेल्या, मधे डबा, दोन ताटं. आम्हाला पाहिल्यावर मयूरीचा हात ताटातच थांबला. तिने सरांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

आजीने आम्हाला बसायला सांगितलं. पाट एकच होता, तो सरांना. मी उंबऱ्यावर टेकलो. आजीने विचारलं, मास्तर का आले, पोरीनं काही केलं का?

सर घसा साफ करत राहिले. मला वाटलं, आता नियमातला प्रश्न येणार. तो त्यांना पाठ होता, शब्दन् शब्द. मयूरी खाली बघत होती.

सर म्हणाले, "आजी, ही मुलगी रोज तुमच्याकडे येते. मी कॉलेजातर्फे विचारायला आलोय. तुम्ही हिच्यासाठी काय काय करता?"

आजी सावरून बसली. पदर नीट केला.

"काय करनार, म्हातारं मानूस," ती म्हणाली. "हिला घरात एकटीला घास उतरत न्हाय. मी सोबतीला बसते. भूक असो नसो, दोन घास खाते हिच्यासाठी. मंग ही वाचते ते ऐकते. मला कळत न्हाय, पन कुनी ऐकायला असलं की पोरगी मोठ्यानं वाचते. कधी कंटाळा येतो. पन पोर गुनाची हाय."

सर लक्ष देऊन ऐकत होते. मधे त्यांनी विचारलं की रोज असतं का हे. आजी म्हणाली, रोज. आयतवारीसुद्धा.

मग सर उठले. दारात मयूरीला म्हणाले की तिचं काम झालं, सोमवारी भाऊसाहेबांकडून शिक्का घेऊन जा. दुसरा कुठला नियम सांगितला नाही. मयूरी ताटं घेऊन मागल्या दारी धुवायला गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

आम्ही अंगण ओलांडत होतो, तेवढ्यात आजीने हाक मारली. सर परत गेले, त्यांच्यामागे मी. आजीने मागल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, हिच्या आयशीला यातलं काय सांगू नका. आपल्या पोरीला दुसरं कुनी सोबत बसून जेवू घालतंय, असं वाटंल तिला. मानी बाई हाय."